दोन वीत

आबांनी कापडावर हात फिरवायला सुरुवात केली तेव्हा चारशे बारा लोक बघत होते.

घरात तसे आम्ही चौघंच. माझे सासरे आबा, माझे हे, नणंद तेजल आणि मी. चारशे बारा होते ते माझ्या फोनमध्ये. फोन खिडकीजवळच्या स्टँडवर लावला होता, उजेड बरोबर आबांच्या हातांवर पडेल असा. वर अकाउंटचं नाव होतं 'विणकर वहिनी', आणि खाली मी लिहिलं होतं, 'नणंदेची पैठणी, दिवस एक्केचाळीस, आज लाइव्ह'.

येवल्यात आमच्या घरी एक रीत आहे. लेकीच्या लग्नाची पैठणी घरच्याच मागावर विणायची. दुकानातली साडी नेसून आमची लेक बोहल्यावर चढत नाही. साडीचं अंग आधी विणून काढायचं, आणि पदर धरण्याआधी ते मागावरून उलगडून घरातल्या सगळ्यांत मोठ्या विणकरानं त्यावरून तळवा फिरवायचा. तो 'धरा पदर' म्हणाला की पुढचं काम. एरवी ही नुसती रीतच, कुणी कधी 'धरू नका' म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यात काचबिंदूनं आबांची नजर जाऊन सहा वर्षं झालेली. म्हातारा विणकर लेकीच्या साडीवरून हात फिरवतोय, हे बघायला लोक लोटतील हे मला ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, त्यासाठीच मी त्यांना सकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घालायला लावला होता.

"आबा, जरा खिडकीकडं तोंड करा."

"मला काय, चहूकडं सारखंच," आबा म्हणाले. फोनमधून लाल बदाम भराभर वर यायला लागले.

आबांचा तळवा हळूहळू सरकत होता. मग थांबला. दोन बोटं मागं आला.

"इथं उठली तू," ते म्हणाले.

मी हसले. लोकांना गंमत वाटेल म्हणून म्हटलं, "आबा, माणूस आहे, उठणारच की."

"इथं उठली नाही, पण थांबली. इथं थांबली. हे बघ, तीन बोटांत दोनदा. इथं परत." ते मोठ्यानं बोलत नव्हते. मला सांगत असल्यासारखंही नाही, वाचत असल्यासारखं. आणखी वीतभर गेले आणि त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला.

"राजू," ते यांना म्हणाले, "उद्या दुकानात जाय. तेजूसाठी एक चांगली साडी आण. ही राहू दे."

तेजल पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी होती. फोनवर चारशे बाराचे चारशे साठ झाले होते आणि कुणीतरी लिहिलं होतं, 'आजोबा किती गोड.' मी उठून फोन बंद केला.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगते. हातमागावर धोटा टाकून आडवा धागा न्यायचा, हात्यानं ठोका मारून धागा बसवायचा, हे तासन्‌तास एका तालात चालतं. मध्येच थांबलं की हाताचं वजन बदलतं, ताणलेले धागे जरा सैल पडतात. पुन्हा बसल्यावर पहिला ठोका किंचित जड किंवा किंचित हलका पडतो, आणि तिथं कापडात एक आडवी रेघ राहते. केसासारखी बारीक. दिवसातून दोन-चार वेळा माणूस उठतं, तेवढ्या रेघा प्रत्येक साडीत असतात, त्याचं कुणी काही म्हणत नाही.

"कुठंय रेघ?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. "मला तर एकही दिसत नाही."

"समोरून दिसत नसती. नेसून उन्हात चालली का मग दिसंल."

"आबा, अडतीस हजार लोक रोज ही साडी बघू राहिले. एकानं तरी म्हटलं असतं ना."

"त्यांनी हात लावला का?"

हे म्हणाले, "आबा, लग्न पंचवीस दिवसांवर आलंय, आता हे काय नवीन काढलं?" आबांनी मान हलवली.

"मी चिडलो नाही रे. मला रोज आवाज येतो ना. ठप ठप, मग बंद. ठप ठप, बंद. वाटलं, होईल बंद आपोआप. पण ही साडी पोरगी जन्मभर जपंल. कधी सासरी जीव लागंना म्हणून पेटीतून काढून हात फिरवंल, तर तिच्या हाताला काय लागंल? आपली वहिनी सारखी आपल्याला सोडून कुठंतरी जात होती, हेच ना?"

तेजल पटकन आत निघून गेली.

खरं तर फोनचं हे खूळ तेजलनंच आणलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिची आई तीन वर्षांपूर्वीच गेलेली. पहिल्या रात्री ही आपली उशी घेऊन आमच्या दारात उभी. "मी इथं झोपू का?" आमचे हे तोंडात मारल्यासारखे गप्प. मी म्हटलं, ये. पुढं दोन वर्षं ती माझ्या कुशीत झोपली. तिच्या केसांतल्या उवा मी काढल्या, तिला पाळी आली तेव्हा मी सांगितलं, दहावीला नापास झाली तेव्हा आबांना सांगायला मीच पुढं झाले. कॉलेजात गेल्यावर तिनं एकदा मी मोराचं पीस विणताना गुपचूप व्हिडिओ काढला आणि टाकला. नाव तिनंच दिलं, 'विणकर वहिनी'. दोन दिवसांत नऊ हजार लोकांनी बघितला. आम्ही दोघी त्या कॉमेंट्स वाचून इतक्या हसलो की भात करपला.

मग तिचं मन उडालं आणि माझं जडलं. आधी दिवसातून एकदा. मग सकाळ-संध्याकाळ. मग धोटा टाकता टाकता डावीकडं नजर जायची, आकडा वाढला का. शंभर जणांनी छान म्हटल्याचं सुख जेवणापर्यंत टिकायचं आणि एका वाकड्या कॉमेंटचं दुःख दोन दिवस पुरायचं. कुठल्या तरी गावच्या एका विणकर बाईचे दोन लाख होते. तिला मी कधी भेटले नाही, पण तिच्याइतका राग मी आयुष्यात कुणाचा केला नाही. हे जेवताना काही सांगायला लागले की मी 'हं' म्हणायचे, आणि मग कळायचं की त्यांनी प्रश्न विचारला होता. लोक लिहायचे, 'ताई, किती समाधानी आयुष्य आहे तुमचं.' ते वाचून मला बरं वाटायचं, कारण कुणीतरी बघून सांगतंय म्हणजे असेलच.

आणि तेजल. लग्न ठरलं, पार इचलकरंजीला. साडी मागावर चढली तशी ती दुपारी माझ्याशेजारी येऊन बसायला लागली. मी म्हणायचे, "थांब हं, एवढं टाकते." किंवा, "बसलीच आहेस तर जरा ही रेशमाची कांडी धरून फोनकडं बघ." ती बघायची. हसायचीसुद्धा. मग जरा वेळानं उठून जायची.

त्या दिवशी दुपारी आबा आडवे झाले, हे बाहेर गेले, आणि मी कात्री घेऊन मागाशी बसले. कापून टाकायचं, उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढवायचा, दिवसरात्र विणायचं. पंचवीस दिवसांत साडी होत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण दुकानातली पैठणी नेसलेली तेजल डोळ्यांपुढं आली की मी कात्री परत कापडाला लावायचे. आई नसलेली पोर. तिची साडी मी विणणार, हे तिनं बारा वर्षांची असताना माझ्याकडून वदवून घेतलं होतं.

भिंत धरत आबा आले. माझ्या श्वासावरूनच त्यांना कळलं असावं.

"काय करू राहिली?"

"कापते."

"थांब. माझं व्हायचंय अजून. अर्ध्यातच हात उचलला मी."

ते खाली बसले. शेवटी विणलेला भाग सकाळी त्यांनी बघितला होता, आता ते तिथून मागं मागं, सुरुवातीच्या दिवसांकडं जायला लागले. मी कापड उलगडत गेले. रेघा येत होत्या. ते आता बोलत नव्हते, बोट नुसतं अडखळायचं आणि मला कळायचं. हा तीस हजार झाले तो दिवस. हा त्या दोन लाखवालीनं माझी बुट्टी चोरली असं मला वाटलं तो दिवस. हे सगळं मी विसरले होते, कापड विसरलं नव्हतं.

मग त्यांचा तळवा सरकत गेला आणि थांबलाच नाही. पुढं गेला. आणखी पुढं. ते त्या पट्ट्याच्या सुरुवातीला परत आले आणि पुन्हा हात फिरवला. वीतभर. दुसरी वीत.

"ही कुणी विणली?"

"मीच की. दुसरं कोण?"

"दोन वीत. दोनच जागी उठलेली, जेवायला अन चहाला." त्यांचा हात तिथंच होता. "हा तुझा पहिला हात आहे. लग्न होऊन आली तेव्हाचा. त्या दिवशी काय झालं होतं?"

मी आठवायला लागले. काहीच आठवेना. त्या दिवसाचा फोटो नव्हता, व्हिडिओ नव्हता. मग लक्षात आलं, नव्हता म्हणूनच.

"त्या दिवशी माझा फोन हरवला होता," मी म्हटलं.

सतरावा दिवस असेल. सकाळी उठले तर फोन जागेवर नाही. गाद्या उलट्या केल्या, पिठाचा डबा बघितला, यांच्या फोनवरून लावला तर बंद. यांच्यावर चिडले, आबांवर चिडायचं जेमतेम थांबले. शेवटी दहा वाजता धुसफुसत मागावर बसले. पहिला तासभर मान आपोआप डावीकडं वळायची आणि तिथं नुसती भिंत.

तेजल आली. बसली. मी काही बोलले नाही, कारण माझं डोकं फिरलेलं होतं. मग तीच म्हणाली, "वहिनी, एक विचारू? तू इथं आली तेव्हा रडली होती का गं?"

"रडले नाही तर काय. न्हाणीत नळ सोडून रडायचे. आबांना वाटायचं, सून किती पाणी सांडते."

ती हसली. मग हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. "मला आईचा आवाज आठवत नाही, वहिनी. चेहरा आठवतो, आवाज गेला. आता तिकडं गेल्यावर तुझाही जाईल का?"

धोटा माझ्या हातात होता. थांबावं असं वाटलं, पण थांबले नाही. थांबले असते तर आम्ही दोघी रडत बसलो असतो. विणता विणताच म्हटलं, "माझा आवाज? तो बाजारतळापर्यंत जातो म्हणतात तुझे दादा. इचलकरंजीला काय, पोचेल." ती पुन्हा हसली, आणि मग बोलत सुटली. मुलगा आवडला होता तिला, पण सासू कमी बोलते याची भीती वाटायची. स्वयंपाकाची भीती. आबांच्या डोळ्यांत औषध कोण घालणार याची भीती. मी तिला सगळं सांगितलं, जे आई सांगते ते आणि जे आई सांगत नाही तेही. ती लाल झाली आणि "शी, वहिनी" म्हणाली. मध्ये जेवलो, मध्ये चहा झाला. चार वाजता मी बघितलं तर दोन वीत कापड झालेलं. एरवी एक वीतही होत नव्हती. फोन दुसऱ्या दिवशी कांड्यांच्या टोपलीत सापडला. मीच घाईत ठेवला असणार.

आबांना मी यातलं सगळं नाही सांगितलं. एवढंच सांगितलं, "तेजू दिवसभर जवळ बसली होती. आम्ही बोलत होतो."

"आणि तुला कसं वाटत होतं?"

हा प्रश्न मला इतक्या दिवसांत कुणी विचारला नव्हता. "बरं वाटत होतं," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. डोळ्यांतलं पाणी साडीवर पडू नये म्हणून मी मान वळवली, विणकराच्या घरात रडायचीही शिस्त असते. आबांनी चाचपडत माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

"पदर असा विणशील?"

"विणीन."

"मग कापू नको."

"आणि बाकीच्या रेघा?"

"त्या राहत्यात. झालेलं काढता येत नाही." ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "धरा पदर."

संध्याकाळी मी फोन नेऊन तेजलच्या हातात दिला. "लग्न होईपर्यंत तुझ्याकडं ठेव. मी मागितला तरी देऊ नको." तिनं तो तापलेल्या तव्यासारखा घेतला आणि माझ्याकडं बघितलंच नाही. सकाळच्या बोलण्यानं ओशाळली असेल, असं मला वाटलं.

पहिले तीन दिवस वाईट गेले. भूक लागल्यासारखं व्हायचं आणि जेवून भागायचं नाही. बाहेर अडतीस हजार लोक माझी वाट बघताहेत, असं वाटायचं. दुसऱ्या दिवशी मी तेजलला म्हटलंसुद्धा, "पाचच मिनिटं दे." ती नाही म्हणाली. मी तिला दुष्ट म्हटलं. ती म्हणाली, "असू दे." चौथ्या दिवशी शेजारच्या मागाचा आवाज ऐकू आला. तो रोजच येत असणार. पाचव्या दिवशी कळलं की हे अंघोळ करताना गुणगुणतात. आबा भिंतीशी बसून कांड्या भरायचे, तेजल माझ्या उजव्या हाताला, मोराच्या रंगांच्या रेशमाच्या बारीक कांड्या, म्हणजे तिल्ल्या, एकेक पुढं करत. कधी बोलायचो, कधी नाही. एकोणीस दिवसांत पदर झाला. त्याचा एकही फोटो नाही.

आबांनी त्यावरून हात फिरवला, ह्या काठापासून त्या काठापर्यंत. आम्ही तिघं बघत उभे. शेवटी ते म्हणाले, "चहा टाक गं." तेवढंच.

लग्नाच्या दिवशी तेजल ती साडी नेसून उन्हातून मांडवाकडं गेली, आणि मला सगळ्या रेघा दिसल्या. आबा म्हणाले होते तशाच. लोकांना नुसता रंग दिसत होता, सगळे वाखाणत होते. मी मागून चालत होते आणि एकेक रेघ ओळखत होते. इथं ती बोलायला आली होती. इथंही आली असेल. पाठवणीच्या वेळी ती माझ्या गळ्यात पडली तेव्हा मी तिच्या पाठीवरच्या पदरावर हात ठेवला. तिथं काही लागलं नाही हाताला, एवढं एक समाधान.

अकाउंट बंद करून टाकलं असं म्हटलं तर गोष्ट छान होईल, पण तसं केलं नाही. रविवारी तासभर उघडते. लोक कमी झाले. त्या दोन लाखवाल्या बाईंना एकदा मी होऊन लिहिलं, चांगली बाई निघाली.

आबा गेल्या वर्षी गेले. यंदा दिवाळीला तेजल आली, बरोबर तीन वर्षांची पोर. येताना पैठणी घेऊन आली होती, घडी बदलायला. एकाच घडीवर ठेवली तर जरीचा धागा तुटतो, म्हणून आम्ही दोघींनी साडी ओसरीवर पसरली. ती त्या टोकाला, मी ह्या. घडी बदलता बदलता तिनं मध्येच एका जागी तळवा ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. मी बघितलं. दोन वीत.

"तुला कसं कळलं ते कुठंय?" मी विचारलं.

"आबांनी दाखवलं होतं, लग्नाच्या आदल्या दिवशी. माझा हात धरून ठेवला इथं. म्हणाले, करमलं नाही तर इथं हात लावायचा." पोर तिच्या मांडीवर चढायला बघत होती, तिनं तिला जवळ घेतलं. "वहिनी, एक सांगू? चिडायचं नाही. त्या दिवशी तुझा फोन हरवला नव्हता. मीच बंद करून कांड्यांच्या टोपलीत खाली घातला होता. मला फक्त एक दिवस पाहिजे होता तुझा."

सगळ्या रेघा आमच्या दोघींच्या मध्ये पसरलेल्या होत्या.

"मग एकच दिवस का लपवलास गं?" मी म्हटलं.